दातांना तार लावायची ठरवताय? मग आधी हे वाचून घ्या

आमच्याकडे येणारे बरेच जण खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, डॉक्टर, मेटलची तार चांगली, सिरॅमिकची का ते ट्रान्सपरंट अलाइनर (दातांवर चढवायची पारदर्शक कव्हरं)? विचारणारच, पैसे तुमचे जाणारेत, पण खरं सांगायचं तर ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) कुठल्या कंपनीचं आहे यावर रिझल्ट फार थोडा ठरतो. तो ठरतो आमच्या प्लॅनिंगवर आणि त्यानंतर दीड-दोन वर्षं तुम्ही घरी काय करता त्यावर.

दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा पक्का नसतो, मूळ आणि हाड यांच्यामधे बारीक तंतूंचा पातळ थर असतो. हलका दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड शरीरच हळूहळू झिजवतं आणि मागे नवीन हाड भरतं, आणि असा दात महिन्याला साधारण 1 मिमी सरकतो. "जरा टाइट करा ना, डिसेंबरमधे लग्न आहे" असं सांगणारे खूप असतात, पण जोर जास्त झाला की तिथला रक्तपुरवठा दबतो, दात उलट अडकून बसतो आणि मुळं झिजायची भीती वाढते. सेल्फ-लायगेटिंग, म्हणजे तार स्वतःच्याच झाकणाने धरणाऱ्या ब्रॅकेटने काम लवकर उरकतं असंही सांगतात, पण अभ्यासांत तसं काही दिसलेलं नाही, त्यामुळे फक्त त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

आता प्लॅनिंग. दोन मुलं शेजारी बसवली, दोघांचेही वरचे दात पुढे, बघायला अगदी सारखे. पण एकाचे दातच पुढे आलेत आणि दुसऱ्याचा खालचा जबडा मागे राहिलाय, हे कळायला बाजूने काढलेला एक्स-रे, ओपीजी (सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे), दातांचे साचे आणि फोटो सगळं लागतं. पहिल्याला कदाचित दाढेपुढचे दोन दात काढून जागा करावी लागेल. दुसरा बारा वर्षांचा असेल तर वाढीच्या वयात ट्विन ब्लॉक लावता येतो (खालचा जबडा पुढे आणायला मदत करणारं हे उपकरण स्कॉटलंडच्या डॉ. विल्यम क्लार्क यांनी 1977 मधे आणलं), पण तोच मुलगा वीस वर्षांचा होऊन आला तर ती वेळ गेलेली असते, मग दातांची तडजोड नाहीतर जबड्याचं ऑपरेशन. म्हणून सात वर्षांच्या आसपास मुलांना एकदा दाखवून जा, लगेच तार लावायला नाही, बहुतेकांना आम्ही थांबाच म्हणतो. मोठ्यांनाही वयाची अडचण नाही, चाळिशीतही दात सरकतात, फक्त हिरड्या निरोगी हव्यात, त्या सुजलेल्या असतील तर आधी त्यांचा इलाज.

काम किती चांगलं झालं हे मोजता येतं बरं का. इंग्लंडमधे 1992 साली पार इंडेक्स नावाची पद्धत आली, आधीच्या आणि नंतरच्या साच्यांना मार्क द्यायचे, आणि डॉक्टरच्या केसेसमधे सरासरी 70 टक्क्यांच्या वर सुधारणा असेल तर काम वरच्या दर्जाचं धरतात. म्हणून डॉक्टर कुणीही असो, तुमच्यासारख्या केसचे आधीचे-नंतरचे साचे दाखवा म्हणा, आणि बीडीएसनंतर तीन वर्षांचं ऑर्थोचं, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेचं एमडीएस आहे का तेही बिनधास्त विचारा, आम्हालाही विचारा.

तुमच्या हातात काय? रबर, म्हणजे वरच्या-खालच्या ब्रॅकेटमधे रोज घरी अडकवायचे छोटे रबरबँड. महिन्याने पाकीट तसंच भरलेलं परत येतं तेव्हा तो महिना फुकट गेलेला असतो. अलाइनर असतील तर दिवसाला 20 ते 22 तास, फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढायचे. चिक्की, कडक चकली, ऊस, अख्ख्या पेरूचा चावा नको, दिवाळीनंतरच्या आठवड्यात तुटलेल्या ब्रॅकेटची आमच्याकडे रांग लागते, आणि एक ब्रॅकेट सुटलं तरी तो दात मागे पडतो, मग परत सुरुवातीच्या बारीक तारेवर यावं लागतं. ब्रश नीट नसेल तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात, तार काढल्यावर बरोबर ब्रॅकेटच्या आकाराची कड दिसते आणि ती पूर्ण जाईलच असं नाही.

आणि रिटेनर, म्हणजे तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण, हे कृपा करून दोनदा वाचा. तार निघाली की दात सरळ असतात पण हिरड्यांतले तंतू नव्या जागेला रुळायला वर्षभर लागू शकतं, तोवर ते दाताला मागे ओढतात. आमची एक मुलगी, सतराव्या वर्षी सुंदर रिझल्ट आला, हॉस्टेलला गेली, मेसमधे रिटेनर टिश्यूत गुंडाळून ठेवला आणि तो ताटाबरोबर कचऱ्यात गेला, घरी ओरडतील म्हणून बोललीच नाही. दोन वर्षांनी आली तेव्हा खालचे पुढचे चारही दात परत एकमेकांवर चढलेले होते, ती रडली आणि आम्हालाही फार वाईट वाटलं. खालचे दात वयाप्रमाणे तसेही दाटतात, तार न लावलेल्यांचेही, म्हणून सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके तास आणि नंतर रात्रीचा रिटेनर वर्षानुवर्षं चालू ठेवायचा.

पहिल्या भेटीला येताना जुने एक्स-रे असतील तर घेऊन या. आणि रिटेनर हरवला किंवा तुटला तर त्याच दिवशी फोन करा, कुणी ओरडणार नाही, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट मात्र बघू नका.