कावागोए

कावागोए : जपानच्या सायतामा प्रांतातील जुने व्यापारी शहर. टोकियोच्या वायव्येस सुमारे ३० किमी. याला ‘कोएदो’ म्हणजे धाकटे एदो म्हणतात. एदो हे टोकियोचे १८६८ पूर्वीचे नाव. गंमत अशी, की थोरल्या एदोत जे आता पाहायला मिळत नाही ते धाकट्यात उभे आहे.

शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या काळात हे किल्ल्याचे गाव. इथले धान्य व रताळी शिंगाशी नदीतून होड्यांनी एदोला जात. १८९३ मध्ये लागलेल्या आगीत गावाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जळाला. १७९२ साली बांधलेला ओसावा घराण्याचा वाडा मात्र तगला, कारण तो जाड मातीच्या भिंतींचा होता. व्यापाऱ्यांनी धडा घेतला आणि टोकियोतल्या व्यापारी पेढ्यांसारखी ‘कुराझुकुरी’ घरे बांधली. बांबूच्या कामट्यांवर मातीचे थरावर थर, वर काजळी मिसळलेला काळा चुना आणि माथ्यावर अवजड कौले. खिडक्यांची दारे वीतभर जाड, कडा पायऱ्यांसारख्या, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या. आगीची हाळी आली की दारे लावून फटी ओल्या मातीने लिंपत. टोकियोतली अशी घरे १९२३ चा भूकंप आणि महायुद्धातील बॉम्बवर्षावात गेली. इथे इचिबानगाई रस्त्यालगत आजही तीसेक आहेत. १९९९ मध्ये हा भाग राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाला. विजेचे खांब त्याआधीच काढून तारा जमिनीखाली नेल्या होत्या, म्हणून फोटो स्वच्छ येतात.

जवळच तीन मजली लाकडी घंटाघर आहे. त्याचे टोल दिवसातून चारदा पडतात : सकाळी सहा, दुपारी बारा व तीन आणि संध्याकाळी सहा. किताइन मंदिर थोडे लांब, पण चुकवू नये. १६३८ च्या आगीनंतर शोगुन इएमित्सूने एदोच्या किल्ल्यातले महाल उतरवून इथे आणले. तो जिथे जन्मला असे सांगतात ती खोलीही त्यात आहे. आवारात अर्हतांच्या, म्हणजे बुद्धाच्या ज्ञानी शिष्यांच्या, पाचशेहून अधिक दगडी मूर्ती आहेत. कुणी हसतो, कुणी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतो.

खाण्यात पहिला मान रताळ्याचा. आपल्याकडे ते उपवासाला आठवते. इथे त्याचे आइस्क्रीम, लांबलचक काप, वाफवलेले गोड मांजू, इतकेच काय बिअरही मिळते. भाजलेल्या रताळ्याला जुने नाव ‘जुसान्री’, म्हणजे तेरा री (री हे अंतराचे जुने माप). ‘कुरी योरी उमाई’, चेस्टनटपेक्षा चविष्ट, या बोलात ‘कुरी’त नऊ (कु) री आणि ‘योरी’त चार (यो) री ऐकू येतात, बेरीज तेरा. एदोहून कावागोएचे अंतरही तेरा री (सुमारे ५० किमी) धरत, म्हणून कोटी दुहेरी जमली. गाव समुद्रापासून दूर असल्याने माशांत नदीतली वाम लोकप्रिय. सोया सॉसच्या गोडसर रसात निखाऱ्यावर भाजून ती भातावर वाढतात. काशिया योकोचो या मिठाईच्या बोळात काळ्या साखरेने माखलेली, हातभर लांब ‘फुगाशी’ मिळते. १९२३ च्या भूकंपाने टोकियोचे मिठाईवाले उद्ध्वस्त झाल्यावर या बोळाचा धंदा वाढला आणि दुकाने सत्तरच्या आसपास गेली; आता वीसेक उरली आहेत.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी रथोत्सव भरतो. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या ३३ जपानी रथोत्सवांपैकी तो एक. रात्री चौकात रथ समोरासमोर भिडतात आणि बासरी-ढोलांची जुगलबंदी चालते.

टोकियोतील इकेबुकुरोहून तोबू मार्गाची जलद गाडी अर्ध्या तासात पोचवते. सेइबू मार्गाचे होन-कावागोए स्थानक जुन्या पेठेला अधिक जवळ. सुट्टीच्या दिवशी गर्दी फार, आणि पदपथ अरुंद असून रस्त्यावर मोटारी चालूच असतात, तेव्हा फोटो काढताना मागे सरकू नये. बरीच दुकाने संध्याकाळी पाचलाच आवरतात.