तिसऱ्या पायरीवरचा बचावपटू जास्त का धावतो?

इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलची उतरंड चार पायऱ्यांची आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब आणि त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू या लीगांचे प्रत्येकी २४. (नावात 'वन' असलेली लीग प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीवर आहे. नवख्याचा इथे हमखास गोंधळ उडतो.) खालच्या या ७२ क्लबांत कितीतरी बचावपटू वर्षानुवर्षं पोटापाण्यासाठी खेळतात. जगाला त्यांची नावं ठाऊक नसतात. त्यांच्याविषयी एक समज मात्र पक्का असतो: यांचा दम कमी पडला म्हणून हे खाली राहिले.

पॉल ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हा समज उलटा करून टाकला. वरच्या तीन पायऱ्यांवरचे खेळाडू एका सामन्यात ताशी १९.८ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने किती अंतर धावतात, हे त्यांनी मोजलं. प्रीमियर लीगच्या खेळाडूची सरासरी भरली सुमारे ६८० मीटर, चॅम्पियनशिपची ८०० च्या आसपास आणि लीग वनची सुमारे ८८०. जितकी पायरी खालची, तितकी पळापळ जास्त. प्रीमियर लीगमधून चॅम्पियनशिपमध्ये उतरलेल्या २० खेळाडूंचा माग काढला, तर तीच माणसं खाली आल्यावर जास्त वेगात धावू लागली होती. दमसास तपासणाऱ्या यो-यो चाचणीत तिन्ही पायऱ्यांचे खेळाडू जवळपास सारखेच ठरले.

मग फरक कशात होता? चेंडूवरच्या हुकमतीत. अचूक पास, पुढच्या दिशेने दिलेले पास, चेंडू मिळण्याची संख्या, एका ताब्यात चेंडूला होणारे स्पर्श या सगळ्यांत प्रीमियर लीग पुढे होती. माझ्या मते पळापळीचं उत्तरही इथेच दडलेलं आहे. पास चुकला की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो आणि सगळ्या संघाला मागे फिरावं लागतं. पुन्हा चेंडू मिळतो, लांब मारला जातो, पुन्हा हातचा जातो. अशा खेळात बचावपटूला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. त्यातही सेंटर बॅकचं, म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणाऱ्या बचावपटूचं, एकूण धावणं गोलरक्षक सोडता मैदानावरच्या इतरांपेक्षा कमी असतं, पण त्याची प्रत्येक धाव दुसऱ्याने ठरवलेली असते. स्ट्रायकर, म्हणजे समोरचा आघाडीपटू, निघाला की यालाही निघावं लागतं. कधी निघायचं, हे ठरवण्याची मुभा त्याला नसते.

याचं गणित कागदावर करून बघण्यासारखं आहे. समजा, स्ट्रायकर सेकंदाला ९ मीटर वेगाने धावतोय आणि त्याच्या मागचा बचावपटू ८.५ मीटरने. वेग घेण्याचा सुरुवातीचा टप्पा सोयीसाठी सोडून देऊ. २० मीटर अंतर पहिला २.२२ सेकंदांत कापेल, दुसरा २.३५ सेकंदांत. म्हणजे अंतर सुमारे एक मीटरचं आणि वेळेचा फरक ०.१३ सेकंदाचा. डोळ्यांना काही दिसल्यापासून शरीर हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. थोडक्यात, पास सुटण्याआधीच तो कुठे जाणार हे ज्याने ओळखलं, तो हळू असूनही वेळेवर पोचतो. ज्याने पास सुटल्यावर धाव घेतली, तो वेगवान असूनही मागे राहू शकतो.

हे ओळखणं म्हणजे नेमकं काय, याचा अभ्यास क्रीडामानसशास्त्रात बरीच वर्षं चालू आहे. त्यातली एक पद्धत फार साधी आहे. सामन्याची चित्रफीत दाखवायची, पास निघण्याच्या क्षणी ती थांबवायची आणि 'आता चेंडू कुठे जाईल?' असं विचारायचं. मुरलेले खेळाडू नवख्यांपेक्षा बरोबर उत्तरं देतात, आणि लवकर देतात. मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये खेळाडूंच्या नजरेचाही माग घेतला. नवख्यांची नजर चेंडूवर आणि पास देणाऱ्यावर चिकटून राहत होती. अनुभवींची नजर मात्र चेंडूपासून दूर, रिकाम्या जागांकडे धावणाऱ्या खेळाडूंवर अधिक जात होती. त्यांचे डोळे चांगले होते म्हणून हे घडलं नाही. कुठे बघायचं हे त्यांना कळलं होतं, आणि ते हजारो वेळा तसल्याच प्रसंगातून गेल्यावरच कळतं.

त्यामुळेच बचावपटूचं वय वेगळ्या हिशेबाने चालतं. झपकन वेग पकडणारे स्नायूतंतू तिशीनंतर हळूहळू मंदावू लागतात, आणि स्ट्रायकरला ते लगेच जाणवतं. बचावपटूची खेळ वाचण्याची शक्ती मात्र तेव्हाही वाढत असते. युरोपातल्या चार मोठ्या लीगांच्या आकडेवारीवरून केलेल्या एका विश्लेषणात आघाडीपटू सरासरी २५ व्या वर्षी भरात असल्याचं दिसलं, तर बचावपटू २७ व्या. दोन वर्षं फार वाटत नाहीत, पण खेळाडूच्या सरासरी कराराच्या मुदतीपेक्षा ती जास्त आहेत.

ग्रॅहॅम अलेक्झांडरचं उदाहरण इथे अटळ आहे. स्कन्थॉर्प, लूटन, प्रेस्टन अशा क्लबांत फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, म्हणून त्याची कारकीर्द गेली. त्याच्या बर्नली क्लबने २००९ मध्ये प्रीमियर लीग गाठली, तेव्हा त्याने त्या लीगमधला आपला पहिला सामना खेळला, तोही वयाची ३७ वर्षं पूर्ण झाल्यावर. तोवर तो बऱ्याचदा मधल्या फळीत खेळू लागला होता. तिथे वेगापेक्षा जागा धरण्याला महत्त्व असतं. २०११ मध्ये त्याच्या नावावर एक हजार व्यावसायिक सामने झाले. गोलरक्षक सोडून हा टप्पा गाठणारे इंग्लंडमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यांतला दुसरा टोनी फोर्डही कारकिर्दीच्या उत्तरार्धात फुल बॅकच होता, आणि त्याने नुसत्या लीगचेच ९३१ सामने खेळले.

खालच्या पायरीवर कोण येतं, हे मात्र बरंच आधी ठरतं, आणि त्यात जन्मतारखेचाही हात असतो. इंग्लंडमध्ये मुलांचे वयोगट १ सप्टेंबरपासून मोजले जातात. सप्टेंबरमध्ये जन्मलेला मुलगा आपल्याच गटातल्या ऑगस्टच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो. दहाव्या वर्षी हा फरक डोळ्यांत भरतो, म्हणून क्लबांच्या प्रशिक्षण अकादम्यांमध्ये शरद ऋतूत जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते. त्यात मुलांची वाढ एकाच वेळी होत नाही. तेराव्या वर्षी कुणाला मिसरूड फुटलेलं असतं, तर कुणाची उंची वाढायलाही सुरुवात झालेली नसते. सेंटर बॅक निवडताना प्रशिक्षकाचं लक्ष आधी उंचीकडे जातं, हे सांगायला नकोच. अलीकडे काही अकादम्या वयाऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून सामने खेळवतात. हा उपाय मला शहाणपणाचा वाटतो, पण ज्यांना सोळाव्या-अठराव्या वर्षी 'नको' म्हणून घरी पाठवलं गेलं, त्यांच्यासाठी तो उशिरा आला.

आता शरीराच्या हिशेबाकडे वळू. खालच्या तीन लीगांत प्रत्येक संघ हंगामात ४६ सामने खेळतो, प्रीमियर लीगमध्ये ३८. शिवाय चषक स्पर्धा असतातच. शनिवारी दुपारी ३ वाजता एक सामना आणि मंगळवारी रात्री पावणेआठला दुसरा, हे वेळापत्रक नेहमीचं आहे. मधे मिळतात जेमतेम ७५ तास. सामन्यात स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे त्यांच्या इंधनाचा, साठा खर्ची पडतो. तो भरून यायला आणि स्नायूंची झीज निवळायला साधारण तीन दिवस लागू शकतात. म्हणजे हिशेब कसाबसा जुळतो, पण त्यात बसचा लांबचा प्रवास आणि अपुरी झोप धरलेली नाही.

आठवड्याला दोन सामने खेळले की काय होतं, याचा एक अभ्यास २०१० मध्ये आला. तो युरोपातल्या स्पर्धा खेळणाऱ्या एका बड्या संघाचा होता, तरी खालच्या पायरीला तो अधिक लागू पडावा. दर हजार तासांमागे दुखापतींचं प्रमाण एका सामन्याच्या आठवड्यात ४.१ होतं, दोन सामन्यांच्या आठवड्यात २५.६. लक्षात राहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: दुसऱ्या सामन्यातही खेळाडूंच्या धावण्यात लक्षणीय घट दिसली नाही. प्रशिक्षक बाकावरून पाहत असेल, तर त्याला सगळं ठीकच वाटणार.

सर्वांत जास्त त्रास देतो तो मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग. पूर्ण वेगात धावताना पाय पुढे टाकला की हा स्नायू ताणलेला असतानाच त्याला पायाचा वेग रोखून धरावा लागतो आणि नेमका तिथेच तो फाटतो. यावरचा उपाय मात्र फुकटचा आहे. गुडघे टेकून बसायचं, सहकाऱ्याने घोटे धरायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. 'नॉर्डिक' नावाने ओळखला जाणारा हा व्यायाम समाविष्ट असलेल्या कार्यक्रमांनी हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आणल्याचं अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं आहे. यंत्र लागत नाही, खर्च नाही. तरीही तो नेमाने होत नाही, कारण सुरुवातीला अंग भयंकर दुखतं आणि मंगळवारी सामना असतो.

दुखापत झाली की प्रश्न फक्त वैद्यकीय राहत नाही. खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिफप्रो'ने २०१६ मध्ये ५४ देशांतल्या सुमारे १४ हजार व्यावसायिकांची पाहणी केली. कराराची सरासरी मुदत होती दोन वर्षांपेक्षाही कमी. ४५ टक्क्यांहून अधिक जणांची कमाई महिन्याला हजार डॉलरपेक्षा कमी होती आणि ४१ टक्क्यांना मागच्या दोन हंगामांत कधी ना कधी पगार उशिरा मिळाला होता. इंग्लंडमध्ये करार बहुधा ३० जूनला संपतात. मार्चमध्ये मांडीत कळ आली, तर बचावपटूने डॉक्टरला सांगावं की नाही? सांगितलं तर बाकावर बसणार, न सांगितलं तर ती कळ फाटण्यापर्यंत जाणार. शिवाय क्लबच टिकेल याची खात्री नाही. बरी हा १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब २०१९ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू झालेला असताना, लीगमधून काढला गेला. फिफप्रोच्याच २०१५ च्या अभ्यासात सध्या खेळणाऱ्यांपैकी ३८ टक्के जणांनी नैराश्य किंवा चिंतेची लक्षणं सांगितली, आणि ज्यांना तीन किंवा अधिक गंभीर दुखापती झाल्या त्यांच्यात हे प्रमाण बरंच अधिक होतं. या आकड्यांत मला तरी आश्चर्याचं काही दिसत नाही.

राहिला हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं. सेंटर बॅकचं हे रोजचं काम. फुटबॉलचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. लांबून आलेला चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने कपाळावर आदळला आणि ८ मीटर वेगाने परत गेला, असं धरू. चेंडू आणि कपाळ यांचा संपर्क साधारण एक शतांश सेकंद टिकतो. वेगातला एकूण बदल २३ मीटर, गुणिले वस्तुमान, भागिले वेळ, असं केलं की सरासरी बल येतं सुमारे १,००० न्यूटन. १०० किलोच्या वस्तूचं वजन क्षणभर डोक्यावर पडावं, तेवढं. मानेचे स्नायू वेळेवर आवळलेले असतील तर डोक्यासोबत धडही तो धक्का सोसतं. नसतील, तर डोकं एकटंच मागे झटकतं आणि कवटीच्या आतला मऊ मेंदू मागेपुढे ढवळला जातो. अशा एखाद्या हेडरने बहुधा चक्करसुद्धा येत नाही. प्रश्न वीस वर्षांच्या बेरजेचा आहे.

या बेरजेकडे लोकांचं लक्ष गेलं ते जेफ ॲसल या स्ट्रायकरमुळे. तो २००२ मध्ये ५९ व्या वर्षी वारला, आणि मृत्यूच्या अधिकृत चौकशीत त्याचं कारण 'व्यवसायजन्य आजार' असं नोंदवलं गेलं. पुढे ग्लासगोच्या विली स्टुअर्ट या मेंदूविकृतितज्ज्ञाने मोठं काम हाती घेतलं. ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना त्यांच्याशी वय व परिस्थितीने जुळणाऱ्या २३ हजारांहून अधिक सर्वसामान्य माणसांशी केली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचा धोका फुटबॉलपटूंमध्ये सुमारे साडेतीन पट. २०२१ मध्ये त्याच नोंदी खेळाडूच्या मैदानावरच्या जागेनुसार वेगळ्या केल्या, तेव्हा गोलरक्षकांचा धोका सर्वसामान्यांहून ठळकपणे वेगळा निघाला नाही, बचावपटूंचा मात्र जवळपास पाच पट निघाला. कारकीर्द जितकी लांब, तितका धोका अधिक. म्हणजे ज्या टिकाऊपणाचं वर कौतुक केलं, त्याचीच ही दुसरी बाजू. हा अभ्यास नोंदींवर आधारलेला आहे. कोणी किती हेडर मारले हे त्यात मोजलेलं नाही, त्यामुळे हेडरच दोषी असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण गोलरक्षक आणि बचावपटू यांच्यातला फरक बोट तिकडेच दाखवतो.

त्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनांनी मार्गदर्शक सूचना काढल्या: सरावात आठवड्याला जास्तीत जास्त १० जोराचे हेडर. जोराचे म्हणजे ३५ मीटरहून लांबचे पास, क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेले चेंडू), कॉर्नर आणि फ्री किकवरचे. सामन्यात मात्र मर्यादा नाही, आणि ती घालणार तरी कशी? लांब चेंडू मारणाऱ्या संघाविरुद्ध एका दुपारीच सेंटर बॅकचा आठवड्याचा कोटा संपू शकतो.

स्टुअर्ट यांच्या पहिल्या अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष बातम्यांत फारसा आला नाही. हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण माजी फुटबॉलपटूंमध्ये सर्वसामान्यांपेक्षा कमी होतं. सर्व कारणांनी होणारे मृत्यू एकत्र धरले, तर वयाच्या सत्तरीपर्यंत फुटबॉलपटूंचा मृत्युदर कमी राहतो आणि सत्तरीनंतर तो सर्वसामान्यांच्या वर जातो.