गोव्यातील छाटणीची पार्श्वभूमी: माड, आंबा, काजू

काजू पोर्तुगीजांनी आणला. आंब्याच्या कलमांचे श्रेयही त्यांच्या धर्मगुरूंना दिले जाते. मानकुराद, मुसराद या आंब्याच्या जाती टिकल्या त्या कलमांमुळेच. कलमासोबत निगाही आली: जोडाखालचे फुटवे वेळीच काढले नाहीत, तर खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधले ते खालचे रोप, माजतो आणि कलम मरते. भाटांत (माडांच्या बागांत), कुळागरांत (सुपारीच्या बागांत) हे ज्ञान हातोहात चालत आले.

छाटणीला परवानगीचा प्रश्न चिकटला तो १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यानंतर. त्यातला सर्वांत मोठा वाद माडाचा. २०१६ मध्ये दुरुस्ती करून माड वृक्षांच्या व्याख्येबाहेर काढला गेला. माडाला फांद्या नसतात आणि उत्पन्न न देणारे म्हातारे माड काढायला बागायतदाराला मोकळीक हवी, असे समर्थन होते. सांगे तालुक्यातील एका दारू प्रकल्पासाठी वाट मोकळी केली, असा विरोधकांचा आरोप होता. २०१७ मध्ये निर्णय फिरला आणि माड राज्यवृक्षही झाला.

फांद्या नसणे हे खरेच, पण त्यातून निघतो तो उलटा निष्कर्ष. माडाला वाढीचा एकच कोंब असतो. तो गेला की माड गेला. खोडावरची जखम आंब्यासारखी सालीने भरून येत नाही. प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय (फुलोरा) येते, म्हणून पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, सुकलेली झावळच काढतो. हिरवी तोडली तर पुढच्या पेंडीचे (नारळांच्या घडाचे) नुकसान. ज्याची छाटणीच होऊ शकत नाही, त्या झाडाला संरक्षण अधिक हवे.

या वादात बाकीच्या झाडांची छाटणी मागे पडली. कोवळ्या आंब्याला तीन-चार चांगल्या दिशांच्या फांद्या ठेवून आकार द्यायचा असतो. फळावर आलेल्या झाडाची छाटणी काढणी संपताच करावी, कारण मोहोर पक्व काडीवर येतो. उशीर झाला तर नुसती पालवी. जुनाट झाडाच्या मोठ्या फांद्या खाली उतरवल्या, तर पुढची दोन-तीन वर्षे फळाची आशा सोडावी लागते. काजूच्या पहिल्या वर्षांत बुंध्यालगतच्या फांद्या काढतात. पुढे सुकी आणि दाटीची फांदी तेवढी. कापावर बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावीच.

रस्त्याकडेच्या झाडांना हे नियम कधी लागलेच नाहीत. पावसाआधी वीजतारांखाली फांद्या एकाच बाजूने छाटतात, खुंट्या तशाच सोडतात. त्या पावसात कुजतात, आणि एका अंगाला भार आलेले झाड वाऱ्यात तारांवरच कोसळते.