टेलिकन्व्हर्टरची बदनामी कुठून आली?

मॅन्युअल फोकसच्या जुन्या टेलिफोटो लेन्सला टेलिकन्व्हर्टर (प्रतिमा आणखी मोठी करणारा भिंगांचा जोड) लावू नका, फोटो मऊ येतात, असं आजही सर्रास सांगितलं जातं. यात तथ्य आहे, पण निम्मंच. उरलेला दोष त्या काळच्या व्ह्यूफाइंडरचा आणि फिल्मचा होता.

कल्पना मुळात दुर्बिणीतली आहे. इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लो यांचं नाव लाभलेलं अंतर्गोल भिंग १८३३-३४ च्या सुमारास दुर्बिणीत आलं. नेत्रिकेच्या अलीकडे बसून ते प्रतिमा मोठी करतं. टेलिकन्व्हर्टर हेच काम लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून करतो. तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरत असल्याने १.४ पटीला एक स्टॉप जातो (म्हणजे प्रकाश निम्मा होतो), दोन पटीला दोन. २०० मिमी एफ/४ लेन्स ४०० मिमी एफ/८ होते; एफचा आकडा मोठा म्हणजे प्रकाश कमी.

आरशातून लेन्सचंच दृश्य दाखवणारे एसएलआर कॅमेरे रुळल्यावर या जोडणीला बरे दिवस आले. लेन्समधूनच पाहायचं असल्याने वाढलेली प्रतिमा समोर दिसे. लेन्समधून प्रकाश मोजणारे मीटर आले (टॉपकॉन आरई सुपर, १९६३) आणि गेलेले स्टॉप मनात धरायची गरजही संपली.

अडायचं ते फोकसला. व्ह्यूफाइंडरच्या काचेच्या मधोमध दोन अर्ध्या तुकड्यांचं वर्तुळ असे. तुटलेली रेघ जुळली की फोकस बसला. एफ/५.६ च्या पुढे त्यातला एक अर्धा काळा पडतो. डोळा किंचित हलवला की तो उजळतो आणि दुसरा काळवंडतो. एफ/८ वर पानाआड बसलेल्या पक्ष्याचा डोळा पकडायचा तर मग अंदाजच. त्यात आयएसओ ६४ ची, म्हणजे प्रकाशाला मंद असलेली फिल्म. लख्ख उन्हात एफ/८ ला शटर मिळे १/२५० सेकंद, आणि हातात धरलेल्या ४०० मिमीला निदान १/४०० तरी हवं. लेन्स जरा धारदार व्हावी म्हणून तिचं छिद्र एक स्टॉप लहान केलं की १/१२५. फोटो हलायचा, फोकस चुकायचा आणि बोल लागायचा कन्व्हर्टरला.

त्यात सुटे कन्व्हर्टर कोणत्याही लेन्सला लागावेत असे बनत. निकॉन आणि कॅनन यांनी मात्र ३०० मिमी व त्यापुढच्या लेन्ससाठी वेगळे कन्व्हर्टर काढले. निकॉनच्या टीसी-३०१ चं पुढचं भिंग इतकं बाहेर येतं की छोट्या लेन्सवर तो बसतच नाही. ही अडचण नव्हे, नेमकेपणाची किंमत आहे. १९८६ चा टीसी-१६ए तर आतली भिंगं स्वतः हलवून मॅन्युअल लेन्सला ऑटोफोकस देई. ढोबळ फोकस आपण करायचा, बाकीचा तो करे. फक्त लेन्स मोठ्या छिद्राची लागे. मला ही त्या काळातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

२००८ मध्ये पॅनासॉनिक जी१ कॅमेरा आला आणि मिररलेसचं, म्हणजे आरशाऐवजी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असलेल्या कॅमेऱ्यांचं युग सुरू झालं. आता एफ/८ वरही व्ह्यूफाइंडर उजळ राहतो, हवा तो भाग मोठा करून फोकसची रिंग केसभर फिरवता येते, आयएसओही वाढवता येतो.

लेन्सचे स्वतःचे दोष मात्र कन्व्हर्टर आजही तितक्याच पटीने मोठे करतो. दोन पटीच्या कन्व्हर्टरने फांदीच्या कडेची जांभळी-हिरवी किनार दुप्पट रुंद दिसते. म्हणून साध्या काचेच्या लेन्सला १.४ पटच लावावा. दोन पट लावायचा तो अशी रंगीत किनार कमी करणारी ईडी काच किंवा फ्लोराइट असलेल्या लेन्सलाच.