लैश्राम सरिता देवी यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द

लैश्राम सरिता देवी या मणिपूरच्या हौशी मुष्टियोद्ध्या. २००६ च्या विश्वविजेत्या आणि पाच वेळा आशियाई विजेत्या. त्यांची कारकीर्द २००१ ते २०१९ अशी पसरली आहे. महिलांचे मुष्टियुद्ध आंतरराष्ट्रीय पातळीवर उभे राहिले तेही नेमके याच काळात. वजनगट, गुणपद्धती, ऑलिंपिक प्रवेश, सगळे त्या रिंगमध्ये असतानाच ठरत आणि बदलत गेले. त्यामुळे त्यांच्या जयपराजयांची नोंद या खेळाच्या नियमांपासून वेगळी काढता येत नाही.

महिलांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये अमेरिकेतील स्क्रँटन येथे झाली. त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सरिता यांनी रौप्यपदक मिळवले. पुढे हिसार (२००३), काओशुंग (२००५), गुवाहाटी (२००८), अस्ताना (२०१०) आणि उलानबातर (२०१२) अशी सलग पाच आशियाई सुवर्णे त्यांच्या नावावर लागली. जागतिक स्पर्धांत २००५ साली पोडोल्स्क आणि २००८ साली निंगबो येथे कांस्य, तर मधल्या २००६ मध्ये नवी दिल्लीत ५२ किलो गटाचे सुवर्ण. घरच्या मैदानावरील त्या स्पर्धेत भारताने चार सुवर्णे जिंकली. मेरी कोम, सरिता देवी, जेनी आर. एल. आणि लेखा के. सी. या त्या चौघी. पहिले नाव घरोघरी पोहोचले, उरलेली तीन आज सहज आठवणारे वाचक थोडेच. २००९ मध्ये सरिता यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मणिपूर पोलीस दलातील नोकरीही त्यांना खेळाच्या जोरावरच मिळाली.

ऑगस्ट २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या मुष्टियुद्धाला जागा दिली. ती आनंदाची बातमी होतीच, पण जागतिक स्पर्धेत महिलांचे दहा वजनगट असताना ऑलिंपिकच्या वाट्याला फक्त तीन आले : ५१, ६० आणि ७५ किलो. त्याहून हलक्या गटात खेळणाऱ्या मेरी कोम ५१ वर चढल्या. सरिता यांचा ५२ किलो गट या ५१ ला अगदी लागून होता, तरीही त्यांनी ६० किलोची वाट धरली. मुष्टियुद्धात आठ किलो म्हणजे केवळ आहार वाढवण्याचा प्रश्न नसतो. समोरची खेळाडू उंच असते, तिच्या हातांचा पल्ला लांब असतो आणि तिचा ठोसाही जड पडतो. नव्या गटात त्यांनी २०१२ चे आशियाई सुवर्ण मिळवले. लंडनचे तिकीट मात्र हुकले.

२०१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. बाळंतपणानंतर रिंगमध्ये परतून २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ६० किलोचे रौप्य मिळवले. अंतिम लढतीत ऑस्ट्रेलियाच्या शेली वॉट्स विजयी ठरल्या. राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांचे मुष्टियुद्ध प्रथमच खेळले गेले ते याच वर्षी.

त्यानंतर दोनच महिन्यांनी इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेतील उपांत्य लढत आली. प्रतिस्पर्धी होत्या यजमान दक्षिण कोरियाच्या पार्क जी-ना. सरिता यांनी ठोशांचा भडिमार केला आणि पार्क बराच वेळ बचावात राहिल्या. निकाल मात्र ०–३ असा, म्हणजे तिन्ही पंचांचा कौल पार्क यांच्या बाजूने. शुल्क भरून तक्रार नोंदवली गेली आणि फेटाळलीही गेली, कारण पंचांनी दिलेल्या गुणांविरुद्ध दाद मागण्याची सोयच नियमांत नव्हती. गुण देणारे चुकले की नाही यावर वाद घालता येईल. पण ती चूक तपासण्याचा रस्ताच बंद असणे हा त्या व्यवस्थेतला उघड दोष होता.

हौशी मुष्टियुद्धात कांस्यपदकासाठी वेगळी लढत होत नाही, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींना ते दिले जाते. परिणामी १ ऑक्टोबर २०१४ रोजी सरिता यांना पार्क यांच्यासह एकाच पदकमंचावर उभे राहावे लागले. पदक गळ्यात घालून घ्यायला त्यांनी नकार दिला, ते हातात घेतले आणि रडत रडत रौप्यविजेत्या पार्क यांच्या गळ्यात घातले. पार्क यांनी ते परत करू पाहिले, पण सरिता यांनी घेतले नाही. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेने (एआयबीए) त्यांच्यावर एक वर्षाची बंदी आणि एक हजार स्विस फ्रँकचा दंड लादला. सचिन तेंडुलकर यांनी त्यांच्यासाठी केंद्रीय क्रीडामंत्र्यांची भेट घेतली. सरिता यांनी माफीही मागितली होती, तरी बंदी पूर्ण भोगावी लागली. पंचांच्या प्रामाणिकपणाबद्दलची कुजबुज पुढे नुसती कुजबुज राहिली नाही : २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील काही लढतींचे निकाल फिरवले गेल्याचे कॅनडाचे कायदेतज्ज्ञ रिचर्ड मॅक्लॅरेन यांच्या चौकशीने २०२१ मध्ये म्हटले. ती चौकशी रिओविषयी होती. इंचॉनचा निकाल आजही होता तसाच आहे.

रिओची पात्रताही हुकल्यावर सरिता व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे वळल्या. जानेवारी २०१७ मध्ये इंफाळला हंगेरीच्या झोफिया बेडो यांना हरवून त्यांनी तेथे पदार्पण केले. पण लवकरच त्या पुन्हा हौशी गटात दिसू लागल्या. २०१८ ची जागतिक स्पर्धा नवी दिल्लीत होती. बारा वर्षांपूर्वी जेथे सुवर्ण मिळवले त्याच शहरात या वेळी आयर्लंडच्या केली हॅरिंग्टन यांच्याकडून त्या २–३ अशा निसटत्या फरकाने हरल्या. हॅरिंग्टन यांनी त्या स्पर्धेचे सुवर्ण तर नेलेच, पुढे टोकियो ऑलिंपिकचेही नेले. २०१९ मध्ये बँकॉकला, जेथे अठरा वर्षांपूर्वी पहिले आशियाई पदक मिळाले होते तेथेच, सरिता यांनी ६० किलो गटात कांस्य मिळवले.

त्याच वर्षी, ज्या एआयबीएने त्यांच्यावर बंदी घातली होती, तिच्याच खेळाडू आयोगावर त्या निवडून आल्या. तोवर ऑलिंपिक समितीने खुद्द एआयबीएलाच निलंबित केलेले होते.