‘स्प्रेड’ म्हणजे सेशन नव्हे

कबड्डीचा सामना सुरू होण्याआधी फोनवर एका संघापुढे ‘-६.५’ आणि दुसऱ्यापुढे ‘+६.५’ असे आकडे दिसतात. पहिला संघ सात किंवा त्याहून जास्त गुणांनी जिंकला तरच त्याच्यावर लावलेले पैसे सुटतात. तो ३४-२९ ने जिंकला तर सामना त्याचा, पण पैसे हरलेल्या संघावर लावणाऱ्याचे. अर्धा गुण मैदानात कुणाला मिळत नाही. बरोबरीची भानगड नको म्हणून तो चिकटवलेला असतो. हाच पॉइंट स्प्रेड.

सोलापूरला आकडे नवे नाहीत. १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली आणि पुढे हे गिरण्यांचे गाव झाले. मटक्याचे मूळही कापसातच आहे. न्यूयॉर्कचा कापूस बाजार उघडताना आणि बंद होताना जे भाव मुंबईत येत, त्यांवर पैसे लागत. ‘ओपन-क्लोज’ तिथलेच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो धागा तुटला आणि मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, नंतर पत्ते. पण आकड्याला बलवान-दुबळा नसतो. स्प्रेड जन्मला तो नेमका या बलवान-दुबळ्याच्या अडचणीतून.

अमेरिकेत पूर्वी कोण जिंकणार यावरच पैसे लागत. सामना एकतर्फी दिसला की सगळे एकाच बाजूला, आणि बुकी तो सामना घेतच नसे. १९३०-४० च्या दशकांत एका गणिताच्या शिक्षकाने शिकागोत बुकी होऊन यावर तोड काढली, असे मानतात. श्रेयावर इतरांचाही दावा आहे. दुबळ्याला आधीच गुण द्यायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी पैसे येतात. हा आकडा किती फरकाने जिंकणार याचे भाकीत आहे, असे नवखे समजतात. खरे तर तो गिऱ्हाईक दोन्हीकडे सारखे वाटायला ठेवलेला असतो. तिकडच्या रिवाजाने १०० जिंकायला ११० लावायचे. दोघांचे मिळून २२० जमा, जिंकणाऱ्याला २१० परत, १० बुकीचे. म्हणूनच निम्मे अंदाज बरोबर येऊनही माणूस तोट्यात जातो. तोट्यातून वाचायला शंभरात साधारण ५३ बरोबर यावे लागतात.

खरा गोंधळ ‘स्प्रेड’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे क्रिकेटमध्ये सहा षटकांचे सेशन, म्हणजे तेवढ्या षटकांत किती धावा होतील यावरचा सट्टा, ‘४६-४८’ असे निघते. ‘यस’वाल्याला ४८ किंवा जास्त धावा हव्यात, ‘नॉट’वाल्याला ४५ किंवा कमी. ४६ किंवा ४७ झाल्या तर दोघेही गेले, पैसे बुकीचे. मधली ही फट म्हणजेच बाजारातला स्प्रेड: घ्यायचा भाव वेगळा, द्यायचा वेगळा. सूत किंवा शेअर विकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पॉइंट स्प्रेडमध्ये मात्र अशी फटच नसते. तिथे कमाई ११० मध्ये आहे. त्यात इंग्लंडच्या ‘स्प्रेड बेटिंग’ची भर. तिथे अंदाज जितक्या गुणांनी चुकेल तितक्या पटींनी पैसे जातात, म्हणजे लावले त्याच्या कितीतरी पट बुडू शकतात. तिन्हींना एकच नाव देणाऱ्यांनी नवख्यांचे फार नुकसान केले आहे. गल्लीत ‘दहा रन तुमचे’ म्हणून डाव सुरू करतात, तो हिशेब पॉइंट स्प्रेडच्या जास्त जवळचा.

मग क्रिकेटच्या सट्ट्यात तो का रुजला नाही? पहिली बाजू जिंकली तर फरक धावांत, दुसरी जिंकली तर विकेटमध्ये. लक्ष्य गाठले की खेळ थांबतो. ‘सहा धावांनी पुढे’ कुठून मोजणार? म्हणून इथे भाव आणि सेशनच चालले.

लबाडीचे रूपही त्याप्रमाणे बदलले. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये जे उघडकीला आले त्यात प्रत्येक वेळी हरण्याची गरज नव्हती. जिंकायचे, पण कमी फरकाने. २००० मध्ये आपल्याकडे क्रिकेटमध्ये निकालच विकल्याचे बाहेर आले. २०१३ मध्ये आयपीएलच्या खेळाडूंवर आरोप होता तो ठरलेल्या षटकात ठरल्याइतक्या धावा दिल्याचा, म्हणजे सेशनच्याच जातीचा. २०१५ मध्ये खालच्या न्यायालयाने त्या खेळाडूंना आरोपमुक्त केले.

२०१८ मध्ये अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना क्रीडासट्ट्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी इथे विधी आयोगाने, बंदी जमत नसेल तर नियमन करा, असे सुचवले. ते कागदावरच राहिले. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी आला आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद ठरवले: चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरच्या खिडक्या मात्र उघड्याच आहेत. घोड्यांची शर्यत कौशल्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. तिथेही चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन शर्यत बरोबरीची करतात.