पळताना पाणी प्यायचं की नाही : मैदानावरच्या एका जुन्या दटावणीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातला शालेय स्पर्धांचा हंगाम पावसात सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात भरात येतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण, आणि १४, १७ व १९ वर्षांखालील गट. या दिवसांत मैदानाच्या कडेला दोन सल्ले हमखास कानावर पडतात. शिटी गळ्यात अडकवलेले सर म्हणतात, "मधे पाणी नको, पोटात कळ येईल." दोरीपलीकडून आई म्हणते, "अख्खी बाटली संपव आधी." दोन्ही सल्ले घरचे वाटतात, पण त्यांची मुळं बरीच दूरची आहेत.

३० ऑगस्ट १९०४ रोजी सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. दुपारचं ऊन, धुळीचा रस्ता, आणि आयोजक जेम्स सलिव्हन यांनी पाण्याची सोय मुद्दाम तोकडी ठेवलेली. शरीर कोरडं पडल्यावर काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. ३२ जण धावले, १४ पोहोचले. जिंकलेल्या थॉमस हिक्सने पाणी मागितलं, तेव्हा त्याच्या मदतनिसांनी त्याला उत्तेजक म्हणून स्ट्रिक्निन हे विष आणि अंड्याचा पांढरा बलक पाजला. पाणी म्हणजे कच खाणं, ही समजूत पुढे पन्नास-साठ वर्षं टिकली. १९५४ मध्ये टेक्ससमधल्या जंक्शन गावी प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी कॉलेजच्या फुटबॉल संघाचं दहा दिवसांचं शिबिर घेतलं. त्यात सरावादरम्यान पाणी बंद होतं, आणि पुढे कित्येक वर्षं त्याची गोष्ट मर्दुमकी म्हणून सांगितली गेली. त्या काळात मिठाच्या गोळ्याही सर्रास देत. पाण्याविना मीठ पोटात गेलं की मळमळतं आणि शरीर आणखी कोरडं पडतं, हे कुणी फारसं ध्यानात घेत नसे.

वारं फिरलं १९६५ मध्ये. आमचे खेळाडू सामन्यात घामाघूम होतात, पण त्यांना लघवीला का होत नाही, असा प्रश्न फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या एका सहायक प्रशिक्षकाने डॉ. रॉबर्ट केड यांच्या पथकापुढे टाकला. त्यातून पाणी, साखर, मीठ आणि लिंबू यांचं जे मिश्रण निघालं, तेच गेटोरेड. ते बाजारात आलं आणि लंबक थेट दुसऱ्या टोकाला गेला : तहान लागायच्या आधीच प्या, जमेल तितकं प्या.

त्याची किंमत १९८०च्या दशकापासून दिसू लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत काही धावपटू वजन वाढलेले, गोंधळलेले असे शेवटच्या रेषेवर येऊ लागले. घामावाटे जातं त्याहून जास्त पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. पेटके येऊ नयेत म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला एक सतरा वर्षांचा शाळकरी खेळाडू पाणी आणि गेटोरेड मिळून सुमारे १५ लिटर प्यायला. त्यात तो दगावला.

म्हणजे सरही चुकतात आणि आईही. मधला रस्ता अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०११ मध्ये आखून दिला आहे : ९ ते १२ वर्षांच्या मुलाला दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक पेला. मोठ्या मुलांसाठी तासाला एक ते दीड लिटर ही वरची मर्यादा. पोटात कळ येते ती एकदम तांब्याभर पाणी ढोसल्यावर, घोटाघोटाने प्यायल्यावर सहसा नाही.

मुलं साधं पाणी कमी पितात, ही खरी अडचण आहे. कॅनडातले संशोधक ओडेड बार-ऑर यांनी १९९६ मध्ये ९ ते १२ वर्षांच्या मुलग्यांवर प्रयोग केला. नुसता द्राक्षाचा स्वाद घातल्यावर पाणी पिण्याचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी वाढलं. सोबत साखर आणि थोडं मीठ आल्यावर वाढ ९० टक्क्यांच्या वर गेली. त्या पेयाचं प्रमाण घरी जुळवायचं तर एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे बारा सपाट चमचे, आणि एक ग्रॅम मीठ, म्हणजे चमच्याचा पाचवा हिस्सा. वर लिंबू पिळा किंवा कोकमाचं आगळ घाला. थोडक्यात, आपलं सरबत. ओआरएस हे जुलाबाचं औषध आहे. तासाभराच्या सरावाला त्याची गरज नसते.

एवढं करूनही उष्माघात टळेलच असं नाही, आणि नेमकं हेच पालकांच्या गळी उतरत नाही. जोरात पळणारे स्नायू उष्णता तयार करतात, ती घाम सुकताना बाहेर पडते. हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. पोटात पाणी असलं तरी आत उष्णता साठत जाते.

म्हणून नुसत्या पाऱ्यावर विसंबू नये, हे अमेरिकी मरीन सैनिकांच्या पॅरिस आयलंड तळावर १९५६च्या सुमारास पक्कं झालं. तिथे नवे रंगरूट उन्हात कोसळत होते. याग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी तीन तापमापक एकत्र आणले : ओल्या फडक्यातला, काळ्या गोळ्यातला आणि सावलीतला. ओल्याचे ७० टक्के, काळ्याचे २० आणि सावलीचे १० टक्के धरून बेरीज करायची. समजा, ओला २७ अंश दाखवतो, काळा ४५, सावलीतला ३४. बेरीज येते ३१.३. जॉर्जिया राज्याच्या शाळांत २०१२ पासून या आकड्याला सराव जास्तीत जास्त दोन तासांचा आणि दर तासाला किमान चार-चार मिनिटांच्या चार विश्रांती असा नियम आहे. ३३.३च्या वर मैदानी सराव बंद. सावलीतला पारा ३४ दाखवतो तेव्हा आपल्याकडे कुणी सामना थांबवत नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हाने १४ जणांचा बळी गेला, त्या दिवशीही पारा चाळिशीच्या आत होता.

दुसरी गोष्ट सवयीची. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, मग घाम लवकर सुटू लागतो आणि कमी खारट होतो. अमेरिकेच्या शाळांसाठी २००९ मध्ये झालेल्या शिफारशी यावरच उभ्या आहेत : पहिले पाच दिवस रोज एकच सराव, तोही तीन तासांच्या आत. आपलं वेळापत्रक याच्या नेमकं उलटं चालतं. पावसात सराव व्हरांड्यात, मग सहामाहीमुळे तोही बंद, आणि पेपर संपले की थेट जिल्ह्याचे सामने, एका दिवसात तीन-तीन. दोन-तीन आठवड्यांच्या खंडात आधी लागलेली सवयही बरीच ओसरते. त्यात उद्घाटनाचे पाहुणे तासभर उशिरा येतात. मंडप असतो तो त्यांच्यासाठी, मुलं रांगेत उन्हात.

उभ्या उभ्या चक्कर आलेलं मूल आडवं करून पाय उंचावर ठेवले की काही मिनिटांत नीट बोलू लागतं. उष्माघात झालेलं मूल असंबद्ध बोलतं, चिडतं, झोकांड्या खातं. अंग कोरडंच असतं असं नाही, खेळताना होणाऱ्या उष्माघातात ते बऱ्याचदा घामाने चिंब असतं. काखेतला किंवा कपाळावरचा तापमापक अशा वेळी आकडा कमी दाखवतो, तेव्हा वागण्यावरूनच ओळखायचं. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंचा नव्हे. शुद्धीत गडबड असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ तेवढा जातो.

थंड पाण्याने रक्तवाहिन्या आक्रसून उष्णता आतच अडकेल, ही भीती डॉक्टरांनाही बराच काळ होती. मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथ गावच्या ऑगस्टमधल्या शर्यतीने ती खोडून काढली. तिथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवलं गेलं आणि सगळे वाचले. पहिला अर्धा तास निर्णायक, म्हणून आधी गार करा, मग हलवा.

मैदानावर टब नसतो, ताडपत्री असते. १०८ला एकाने फोन करायचा. बाकीच्यांनी मुलाचे बूट-मोजे आणि जाड कपडे काढून त्याला ताडपत्रीवर उताणं ठेवायचं, चारही कडा चार-सहा जणांनी उचलून धरायच्या. पाच-सहा बादल्या पाणी आणि फोडलेला बर्फ ओतायचा आणि ताडपत्री झोळीसारखी हलवत राहायची, म्हणजे अंगाला लागून तापलेलं पाणी बाजूला सरतं. डोकं कायम पाण्याबाहेर, आणि ते सांभाळायला एक माणूस वेगळा. मूल ताळ्यावर येऊन बोलू लागेपर्यंत किंवा कुडकुडू लागेपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटं, हे चालू ठेवायचं. बर्फाची लादी सामन्याच्या सकाळीच आणून भुशात गुंडाळून ठेवावी. दुपारी दोनला ती आणायला मोटारसायकल धाडली, तर तो अर्धा तास रस्त्यातच संपतो.